डोंगराळ प्रदेशातील लष्करी विमान निरीक्षण

डोंगराळ प्रदेशातील लष्करी विमान निरीक्षण म्हणजे डोंगरदऱ्यांतून कमी उंचीवर उडणारी लढाऊ विमाने व हेलिकॉप्टर ओळखण्याचा, त्यांच्या नोंदी ठेवण्याचा आणि छायाचित्रे घेण्याचा छंद होय. सपाट जमिनीवरून पाहणाऱ्यास विमानाची बहुधा खालची बाजूच दिसते. डोंगरउतारावर उभ्या असलेल्या निरीक्षकास दरीतून जाणारे विमान डोळ्यांच्या पातळीवर, क्वचित पायाखालीही दिसते. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात सह्याद्रीची उंच शिखरे आणि लष्कराचे मोठे सराव क्षेत्र ही दोन्ही आहेत. मात्र ती एकमेकांपासून दूर आहेत, आणि भारतीय कायद्यामुळे या छंदाला येथे निश्चित मर्यादा पडतात.

कमी उंचीवरील उड्डाण

रडारलहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेपलीकडील लक्ष्य जमिनीवरील रडारला दिसत नाही. १० मीटर उंचीवर बसविलेल्या रडारला ३,००० मीटर उंचीवरील विमान सुमारे २४० किलोमीटरवरून दिसू शकते; तेच विमान ७५ मीटरवर उतरले की हे अंतर ५० किलोमीटरांच्या आत येते. मध्ये डोंगराची रांग असल्यास ते आणखी घटते. वैमानिकांना दरीच्या वळणांनुसार उडण्याचा सराव दिला जातो तो यासाठी.

या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण वेल्समधील ‘मॅक लूप’ हे आहे. ध्वनीच्या वेगाशी संबंधित मॅक अंकावरून हे नाव पडले असावे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते जवळच्या मखन्लेथ या गावावरून आले आहे. तेथील दऱ्यांतून लढाऊ विमाने २५० फुटांपर्यंत (सुमारे ७६ मीटर) खाली उडतात आणि छायाचित्रकार वरच्या उतारांवर त्यांची वाट पाहतात. अमेरिकेतील डेथ व्हॅलीजवळची अशीच एक दरीही लोकप्रिय होती. ३१ जुलै २०१९ रोजी तेथे नौदलाचे एफ/ए-१८ विमान कोसळून वैमानिकाचा मृत्यू झाला व निरीक्षणस्थळावरील सात पर्यटक जखमी झाले.

निरीक्षण व छायाचित्रण

ताशी ८३० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला सुमारे २३० मीटर अंतर कापते. ते दोन किलोमीटरवर असताना निघालेला आवाज निरीक्षकापर्यंत पोहोचण्यास जवळपास सहा सेकंद लागतात आणि तोवर विमान साडेसहाशे मीटरांवर आलेले असते. आवाज ऐकून कॅमेरा उचलणाऱ्याच्या हाती तीन सेकंदही उरत नाहीत. म्हणून अनुभवी निरीक्षक कानांपेक्षा दरीच्या तोंडाकडे लावलेल्या नजरेवर भिसतात असे नव्हे, तर तिच्यावरच विसंबतात. जेट विमानासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक ठेवतात. हेलिकॉप्टरसाठी हाच वेग चुकीचा ठरतो, कारण पाती गोठल्यासारखी दिसतात आणि यंत्र हवेत टांगल्यासारखे भासते; तेथे अडीचशेव्या भागाच्या आसपासचा वेग योग्य असतो.

अहिल्यानगर जिल्हा

जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई (१,६४६ मीटर) व हरिश्चंद्रगड ही उंच ठिकाणे आहेत. भूरचना वेल्सपेक्षा कितीतरी भव्य असली, तरी मॅक लूपसारखी ख्याती येथील कोणत्याही दरीला नाही, आणि पावसाळ्यात हे कडे ढगांत बुडालेले असतात. लष्करी सराव होतो तो नगर, पारनेर व राहुरी तालुक्यांच्या परिसरातील के. के. रेंजवर. खारे कर्जुने या गावावरून हे नाव पडले. अहिल्यानगर येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून असल्याने या क्षेत्राचा वापर प्रामुख्याने रणगाड्यांसाठी होतो. सप्टेंबर २०२० मध्ये अर्जुन रणगाड्यावरून लेझर-निर्देशित रणगाडाभेदी क्षेपणास्त्राची चाचणी येथेच झाली. गोळीबाराच्या काळात या क्षेत्रात प्रवेश करणे जिवावर बेतू शकते. न फुटलेला दारूगोळा हा नंतरही टिकणारा धोका आहे.

लढाऊ विमानांचे जवळचे तळ शेजारच्या जिल्ह्यांत आहेत. पुण्याजवळील लोहगाव येथे २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय विमाने दाखल झाली. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना असून नाशिक रोड येथे लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना प्रशिक्षण दिले जाते.

कायदेशीर बाजू

शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मधील ‘प्रतिबंधित ठिकाण’ या संज्ञेत लष्करी तळांबरोबरच शासनाच्या मालकीच्या विमानाचाही समावेश आहे, आणि ‘रेखाचित्र’ या संज्ञेत छायाचित्र येते. कलम ३ खालील गुन्ह्यासाठी राज्याच्या सुरक्षिततेस वा हितास बाधक हेतू असावा लागतो. संरक्षणविषयक बाबींत शिक्षा १४ वर्षांपर्यंतच्या कारावासाची आहे. म्हणजे आकाशातील विमानाचे प्रत्येक छायाचित्र गुन्हा ठरत नाही, परंतु तळाच्या कुंपणाजवळ दुर्बीण व नोंदवही घेऊन उभ्या असलेल्या व्यक्तीचा हेतू प्रथम तपास यंत्रणेच्या नजरेतून पाहिला जातो.

ग्रीसमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये १२ ब्रिटिश व दोन डच छांदिष्टांना अशाच नोंदींवरून हेरगिरीच्या संशयाने अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये ते दोषी ठरले. अपिलात निर्दोष सुटण्यास नोव्हेंबर उजाडला. भारतात एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने माध्यमांना व समाजमाध्यमांच्या वापरकर्त्यांना सुरक्षा दलांच्या हालचालींचे थेट प्रसारण टाळण्याची सूचना केली. छायाचित्रासोबत आपोआप नोंदली जाणारी वेळ व स्थान यांमुळेही अशी माहिती उघड होऊ शकते. निर्धास्तपणे छायाचित्रण करता येते ते हवाई दलाच्या जाहीर प्रात्यक्षिकांत. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर असे प्रात्यक्षिक झाले होते.