उत्तरपत्रिका स्कॅन झाली की पुढे काय होतं? मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन निकालाची पूर्ण गोष्ट

नवी मुंबईतल्या तळवलीचा एखादा विद्यार्थी सकाळी घणसोली स्टेशनवरून कॉलेजला निघतो. त्याचं कॉलेज वाशीत असो, ठाण्यात असो की ऐरोलीत, पदवी बहुतेक वेळा मुंबई विद्यापीठाची असते. प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन, परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन, हॉल तिकीट ऑनलाइन, निकालही ऑनलाइन. पेपर मात्र तो अजूनही पेनाने, कागदावर लिहितो.

हा कागद आणि मोबाईलवर दिसणारा निकाल यांच्या मध्ये नेमकं काय घडतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. निकालात 'अनुपस्थित' असा शेरा आला किंवा निकाल राखून ठेवला गेला की मग शोधाशोध सुरू होते. घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून कुर्ला आणि तिथून रिक्षाने कलिन्याचं परीक्षा भवन, अशा फेऱ्या घालाव्या लागतात. ही यंत्रणा आधीच समजून घेतली, तर यातल्या काही फेऱ्या वाचू शकतात.

एक विद्यार्थी, अनेक नंबर

विद्यापीठाच्या संगणकात विद्यार्थी नावाने नाही, नंबराने ओळखला जातो. पहिला नंबर म्हणजे पीआरएन, कायमस्वरूपी नोंदणी क्रमांक. मुंबई विद्यापीठात तो 16 आकडी असतो आणि पदवी मिळेपर्यंत बदलत नाही. दुसरा बैठक क्रमांक. तो त्या-त्या परीक्षेपुरता असतो. तिसरा उत्तरपत्रिकेवरचा बारकोड. आणि आता चौथा, एबीसी आयडी.

निकाल लागतो म्हणजे हे सगळे नंबर एकमेकांशी जुळतात. एक जरी चुकीच्या ठिकाणी जोडला गेला, तरी विद्यार्थ्याने पेपर लिहिलेला असतो आणि संगणकाला मात्र तो सापडत नाही. 'अनुपस्थित' या शेऱ्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं. वर्गात बैठक क्रमांक लिहिताना एक आकडा चुकला, किंवा बारकोडचं स्टिकर चुकीच्या जागी लागलं.

ऑन-स्क्रीन मार्किंग म्हणजे काय?

पूर्वी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणी केंद्रावर जायचे. प्राध्यापक लाल पेनाने गुण द्यायचे, शेवटी बेरीज करायचे आणि ते गुण पुन्हा कोणीतरी संगणकात भरायचं. यात बेरीज चुकायची, एखादं पान तपासायचं राहून जायचं, गठ्ठे हलवण्यात दिवस जायचे.

ऑन-स्क्रीन मार्किंगमध्ये उत्तरपत्रिकेचं प्रत्येक पान स्कॅन होतं. विद्यार्थ्याची ओळख झाकली जाते, फक्त बारकोड उरतो. प्राध्यापक केंद्रावर लॉगिन करून पडद्यावर उत्तर वाचतात आणि प्रश्नागणिक गुण भरतात. बेरीज सॉफ्टवेअर करतं. कोणाची उत्तरपत्रिका आहे हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि कोणी किती उत्तरपत्रिका तपासल्या याची नोंद राहते. नंतर विद्यार्थ्याने प्रत मागितली तर ती आधीच संगणकात असते.

कागदावर ही पद्धत चांगलीच आहे. तरीही 2017 साली तिनेच मुंबई विद्यापीठाचं अख्खं वर्ष विस्कटलं.

2017 मध्ये काय बिघडलं?

अभियांत्रिकीच्या पेपरांसाठी विद्यापीठ ही पद्धत आधीपासून वापरत होतं. 2017 च्या उन्हाळी परीक्षेला तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांनी ती सगळ्याच शाखांना एकदम लागू केली. कंत्राट मेरिटट्रॅक या कंपनीला मिळालं, पण ते पक्कं होईपर्यंत परीक्षा सुरू झाल्या होत्या. समोर होत्या 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका आणि 477 परीक्षांचे निकाल.

अडचणी एकामागून एक आल्या. एवढी पानं स्कॅन करायलाच आठवडे लागले. हजारो प्राध्यापकांना पडद्यावर तपासणीची सवय नव्हती, सरावालाही वेळ मिळाला नाही. लॉगिन आणि सर्व्हरच्या तक्रारी आल्या. काही उत्तरपत्रिका चुकीच्या विषयाखाली गेल्या, काही सापडेनात. पुरवण्यांचा घोळ वेगळाच होता. मुख्य उत्तरपत्रिका एकीकडे आणि पुरवणी दुसरीकडे गेली, तर विद्यार्थ्याने लिहिलेली शेवटची उत्तरं तपासणाऱ्यापर्यंत पोहोचणार कशी?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 नुसार परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत आणि फार तर 45 दिवसांत निकाल लागायला हवा. जून गेला, जुलै आला. कुलपती म्हणून तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी 31 जुलैची मुदत दिली. इतर विद्यापीठांच्या प्राध्यापकांची मदत घेतली गेली. तरी मुदत हुकली आणि शेवटचे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले.

ऑगस्टमध्ये कुलगुरूंना रजेवर जावं लागलं. 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यपालांनी त्यांना पदावरून दूर केलं. 1857 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात असं पहिल्यांदाच घडत होतं.

पण खरी किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. परदेशी विद्यापीठात प्रवेश निश्चित झालेल्यांना वेळेवर गुणपत्रिका दाखवता येईना. पदव्युत्तर प्रवेश लांबले. नोकरी हातात असलेले कंपनीकडे मुदत मागत राहिले. निकाल लागल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी अर्जांची रांग लागली.

पुरवणी आणि न्यायालय

या गोंधळानंतर विद्यापीठाने पुरवण्याच बंद करायचं ठरवलं. जेवढी पानं मुख्य उत्तरपत्रिकेत, तेवढ्यातच उत्तरं लिहायची. विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला.

या प्रकरणात एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. सॉफ्टवेअरला पुरवणी जोडणं जमत नसेल, तर बदलायचं काय? सॉफ्टवेअरची पद्धत, की विद्यार्थ्याचा जास्त लिहिण्याचा हक्क? कोणत्याही सेवेचं डिजिटायझेशन होताना हा प्रश्न येतोच. यंत्रणेची सोय आणि माणसाची सोय यांत ओढाताण झाली की बहुतेक वेळा माणसालाच सरकून घ्यायला सांगितलं जातं.

आता काय बदललंय?

2017 नंतर पडद्यावरची तपासणी बंद झाली नाही. नंतरच्या परीक्षांतही ती वापरली गेली. मात्र आजूबाजूची व्यवस्था बरीच बदलली.

प्रवेशपूर्व नोंदणी अनेक वर्षं एमकेसीएलच्या 'डिजिटल युनिव्हर्सिटी' प्रणालीवर व्हायची. 2024-25 च्या पदवी प्रवेशाची नोंदणी 'समर्थ' पोर्टलवर झाली. 'समर्थ' ही केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या पुढाकाराने दिल्ली विद्यापीठात विकसित झालेली प्रणाली असून देशभरातली अनेक विद्यापीठं ती वापरतात.

दुसरा मोठा बदल म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजेच एबीसी. जुलै 2021 मध्ये यूजीसीने त्याचे नियम जाहीर केले. बँकेत पैसे जमा व्हावेत तसे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट विद्यार्थ्याच्या 12 आकडी खात्यात जमा होतात. ते साधारण 7 वर्षांपर्यंत वापरता येतात. मध्येच शिक्षण सोडून पुन्हा यायचं असेल किंवा विद्यापीठ बदलायचं असेल, तर ही नोंद कामी येते. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर हे खातं सगळ्यांच्याच गरजेचं झालं.

गंमत अशी की खातं विद्यार्थी उघडतो, पण त्यात क्रेडिट विद्यापीठ भरतं. खातं उघडलं म्हणजे क्रेडिट आपोआप जमा झाले, असं नाही.

नावाचा घोळ

एबीसी आयडी डिजिलॉकरमधून, आधारच्या माहितीवर तयार होतो. आपल्याकडे आधारवर साधारणपणे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असतं. गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं येतं आणि आईचं नावही असतं. त्यात 'व'साठी एका ठिकाणी व्ही आणि दुसऱ्या ठिकाणी डब्ल्यू. लग्नानंतर आधारवर नाव बदललं असेल तर फरक आणखी वाढतो.

माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे लगेच कळतं. संगणकाला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. हा फरक पहिल्या वर्षी कॉलेजच्या ऑफिसात अर्ज देऊन मिटवता येतो. शेवटच्या वर्षी, पदवी प्रमाणपत्र छापून झाल्यावर, तेच काम महिनोनमहिने चालू शकतं.

विद्यार्थ्यांनी काय सांभाळावं?

* हॉल तिकीट आल्यादिवशीच तपासावं. नाव, विषय आणि पेपरचा कोड बघावा. केटीचे विषय राहून गेलेले नाहीत ना, हेही पाहावं.
* पेपर लिहिताना बैठक क्रमांक दोनदा वाचावा. उत्तरपत्रिकेवरचा क्रमांक घरी आल्यावर लिहून ठेवावा. पुरवणी घेतली असेल तर तिच्यावरची नोंद आणि पुरवण्यांची संख्या बरोबर आहे का, हे पाहूनच पेपर द्यावा.
* हजेरीपटावरची सही विसरू नये. 'अनुपस्थित' शेरा आलाच, तर पेपरला हजर असल्याचा तोच सर्वात भक्कम पुरावा असतो.
* प्रत्येक सत्राचा निकाल आणि फीची पावती डाउनलोड करून ठेवावी. पोर्टल बदललं की जुन्या लॉगिनमधली कागदपत्रं लगेच मिळतीलच असं नाही.
* सत्र संपल्यावर एबीसी खातं उघडून बघावं. क्रेडिट दिसत नसतील तर कॉलेजला लेखी कळवावं आणि अर्जाची पोच घ्यावी.
* गुणांबद्दल शंका असेल तर मुदतीत उत्तरपत्रिकेची प्रत मागावी. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा माहिती अधिकाराचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे.

जबाबदारी कोणाची?

ही यादी वाचून सगळा भार विद्यार्थ्यावरच आला असं वाटेल. तसं होता कामा नये. 2017 चा धडा मुख्यतः विद्यापीठांसाठी होता. नवी पद्धत आधी थोड्या विषयांवर चालवून बघायची, प्राध्यापकांना सरावाला वेळ द्यायचा आणि काही बिघडलं तर जुन्या मार्गाने काम पुढे नेण्याची सोय ठेवायची. यातलं काहीच अशक्य नव्हतं, घाईत ते राहून गेलं.

आजही स्कॅनिंगच्या टेबलावर, कॉलेजच्या ऑफिसात, लॉगिन करणाऱ्या प्राध्यापकाच्या खुर्चीत माणूसच बसलेला असतो. तिथे चूक होऊ शकते. ती चूक सांगायला तळवलीतल्या विद्यार्थ्याला कलिन्यापर्यंत जावं लागतं, की त्याच्याच कॉलेजच्या खिडकीवर ती दुरुस्त होते, यावरून विद्यापीठ किती डिजिटल झालं ते ठरतं.