सीएनसी राउटर चालवताना स्क्रीनवरच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

सांगलीजवळ माझ्या मामांचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी त्यांनी दोन फूट बाय दोन फुटाचा छोटा सीएनसी राउटर घेतला आणि "तू कॉम्प्युटरवाला ना, ये आणि चालू करून दे" म्हणून मला बोलावलं. पहिले दोन दिवस नेमप्लेट काढल्या, कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी देव्हाऱ्याच्या मागची सागवानी जाळी कोरायला लावली. निम्मं काम झालं असेल, तेवढ्यात बिट लाकूड दाबणाऱ्या क्लॅम्पला अडलं. क्षणभर घरघर झाली आणि मशीन पुढे चालू. मामा म्हणाले, "आवाज बदलला रे." मी स्क्रीन बघितली. एरर नाही, आकडे बरोबर. म्हटलं, "काही नाही मामा, नीट चाललंय."

जाळीचा उरलेला अर्धा भाग साधारण ४ मिलिमीटर खाली सरकून कोरला गेला. फळी गिऱ्हाइकाने स्वतःच्या जुन्या घराच्या तुळईतून काढून आणलेली होती. तशी दुसरी मिळणार नव्हती.

चूक मशीनची नव्हती, माझी होती. स्क्रीनवरचा एक्स, वाय, झेडचा आकडा म्हणजे बिटची जागा असं मी धरून चाललो होतो. तो आकडा खरं तर सॉफ्टवेअरचा हिशेब असतो, म्हणजे बिट कुठे असायला हवं त्याचा.

हा हिशेब कोण करतं?

डिझाइन तयार झालं की कॅम सॉफ्टवेअर त्याचा जी-कोड बनवतं. त्यात "जी१ एक्स१०० वाय५० एफ८००" अशा ओळी असतात: कापत सरळ रेषेत या बिंदूपर्यंत जा, वेग मिनिटाला ८०० मिलिमीटर. लॅपटॉपवरचं कंट्रोल सॉफ्टवेअर (आम्ही युनिव्हर्सल जीकोड सेंडर वापरतो, कँडलही चालतं) या ओळी यूएसबीवरून मशीनच्या बोर्डाला पाठवतं. आमचा बोर्ड म्हणजे साधा आर्डुइनो उनो, आणि त्यात जीआरबीएल नावाचं फर्मवेअर. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ते २००९ मध्ये सुरू केलं. अवघ्या २ केबी रॅममध्ये ते तीन मोटरी एका तालात फिरवतं. मी रोज जे कोड लिहितो त्याची रॅम आठवून मला जरा लाजच वाटली.

मोटर लॅपटॉपनेच थेट का फिरवू नये? कारण मोटरला सेकंदाला हजारो पल्स, तेही अगदी ठरलेल्या अंतराने लागतात, आणि विंडोज मध्येच दुसऱ्या कामात गुंतू शकतं. माक-३ हे काम प्रिंटर पोर्टमधून करायचं, लिनक्ससीएनसी त्यासाठी रिअल-टाइम कर्नल वापरतं. जीआरबीएलने ती जबाबदारी बोर्डावर टाकली, त्यामुळे लॅपटॉपला फक्त ओळी वेळेवर पुरवाव्या लागतात.

आता आकडेमोड बघा. आमची मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, म्हणजे फेऱ्याला ३,२०० पल्स. स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकवतो. ३,२०० भागिले ४, म्हणजे मिलिमीटरला ८०० पल्स. हाच आकडा जीआरबीएलच्या $१०० (एक्स), $१०१ (वाय) आणि $१०२ (झेड) या सेटिंगमध्ये भरायचा असतो. १०० मिलिमीटर जायचं तर बोर्ड ८०,००० पल्स सोडतो आणि पोचलो असं मानतो. मोटर खरंच फिरली का, हे उलट सांगणारं काहीही मशीनवर नसतं. महागड्या मशीनवर एन्कोडर असतो, तिथे गोष्ट वेगळी. आमच्याकडे बिट क्लॅम्पला अडलं, मोटर थबकली, पल्स मात्र मोजले गेले. ४ मिलिमीटर म्हणजे मोटरचा जेमतेम एक फेरा. त्याचीच ती घरघर.

दोन शून्यं

नवीन माणूस हमखास इथे गोंधळतो. एक शून्य मशीनचं. होमिंग केलं ($H) की तिन्ही अक्ष लिमिट स्विचला जाऊन टेकतात आणि मशीनला आपला कोपरा कळतो. दुसरं शून्य तुमच्या लाकडाचं. बिट फळीच्या कोपऱ्यावर नेऊन तुम्ही "इथे शून्य" म्हणता, आणि ते मशीनच्या शून्यापासून किती दूर आहे हे जी५४ या नावाने बोर्डात साठतं. वीज गेली तरी जी५४ टिकतं. मशीनचं शून्य मात्र पुसलं जातं, म्हणून चालू केल्यावर आधी होमिंग.

त्या दिवशी मी घरघर ऐकून काम थांबवलं असतं, बिट वर उचलून पुन्हा होमिंग केलं असतं, तर सरकलेला अक्ष जागेवर आला असता आणि लाकडाचं शून्यही शाबूत राहिलं असतं. दोन मिनिटांचं काम. लिमिट स्विच नसलेलं स्वस्तातलं मशीन घेणार असाल तर ही सोय तुमच्याकडे नसेल, हे लक्षात ठेवा.

झेडचं शून्य सगळ्यात नाजूक. बिटखाली कागदाचा कपटा ठेवून तो जेमतेम अडकेपर्यंत बिट हळूहळू खाली आणायचं. हे शून्य लाकडाच्या माथ्यावर धरलंय की खालच्या पाटावर, ते कॅममध्ये जसं निवडलं तसंच हवं. बिट बदललं की लांबी बदलते, त्यामुळे झेड पुन्हा लावायचा.

थांबवायचं कसं?

लॅपटॉपने ओळी पाठवणं बंद केलं तरी मशीन लगेच थांबत नाही. जीआरबीएलकडे १२८ अक्षरांचा बफर असतो, शिवाय पुढच्या पंधरा-सोळा हालचाली आधीच आखून ठेवलेल्या असतात. त्या पूर्ण होतात. म्हणून पॉजचं बटण "!" हे खास चिन्ह पाठवतं. ते रांगेत उभं राहत नाही, पोचताच अमलात येतं. मशीन वेग उतरवत थांबतं, हिशेब चुकत नाही, आणि "~" पाठवलं की तिथूनच पुढे चालतं. मात्र स्पिंडल फिरतच असतो, तेव्हा हात लांब.

रिसेट हा वेगळा प्रकार. चालत्या मशीनला रिसेट दिला तर ते झटक्यात थांबतं, पावलं चुकू शकतात आणि "अलार्म ३" येतो. इथे बरेच जण $X देऊन पुढे जातात. $X फक्त कुलूप काढतं, हरवलेली जागा शोधून देत नाही. तिथे $H द्या.

आणि तिसरं, भिंतीवरचं लाल बटण. ते वीज तोडणारंच हवं. यूएसबी सुटली किंवा लॅपटॉप झोपी गेला तर स्क्रीनवरचं कुठलंच बटण कामाचं नाही. बोर्ड हातातल्या ओळी संपवतो आणि बिट लाकडात एका जागी फिरत राहतं. लाकूड आधी काळं पडतं, मग धूर. शेजारी भुशाचा ढीग असतोच. मशीन लावून चहाला जाऊ नका. लॅपटॉपचा स्लीप बंद ठेवा, यूएसबी वायर आखूड घ्या आणि स्पिंडलच्या वायरीपासून दूर ठेवा.

सॉफ्टवेअरमधलं चित्र आधी जरूर बघा. इंच-मिलिमीटरची (जी२०, जी२१) गल्लत झाली असेल तर आकार २५.४ पट चुकलेला तिथेच दिसतो. पण त्या चित्रात क्लॅम्प नसतात. त्यामुळे मामांकडे आता प्रत्येक नवीन फाइल आधी बिट लाकडाच्या वर ठेवून हवेत चालवतो, नजर क्लॅम्पकडे.

जाळीचं काय झालं? मामांनी गिऱ्हाइकाला बोलावून चूक सांगितली. मग जिथून नक्षी सरकली त्या उभ्या रेषेवर फळी चिरली, एक भाग ४ मिलिमीटर वर सरकवून पुन्हा जोडला, वरखाली कडा रंधून सारख्या केल्या आणि सांध्यावर सागवानीच बारीक पट्टी बसवली. देव्हारा गेला. मजुरी मात्र त्यांनी निम्मीच घेतली.