पाँडिचेरीची सहल : आधी पोटोबा!

सहल ठरवताना आपण हॉटेलच्या खोलीसाठी चार वेबसाइट पालथ्या घालतो, पण जेवणाचं मात्र 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून सोडून देतो. मग भर दुपारी धाकट्याला भूक अनावर होते, आजींची गोळ्यांची वेळ टळते आणि डोसा की पिझ्झा यावरून रस्त्यातच वाद रंगतो. तुम्ही पाँडिचेरीला जाणार असाल तर हे सहज टाळता येईल.

1674 मध्ये फ्रेंचांनी इथे बस्तान बसवलं आणि 1954 मध्ये शहराचा कारभार भारताच्या हाती आला. जुन्या शहराचे आजही दोन भाग दिसतात. समुद्राकडचा व्हाइट टाउन आणि कालव्यापलीकडचा तमिळ भाग. एकीकडून दुसरीकडे पायी जाता येतं. म्हणून साधा नियम ठेवा, पोटभर जेवण तमिळ भागात आणि हौसेचं खाणं समुद्राकडे. त्यामुळे खिशावर ताण येत नाही आणि आजी-नातू दोघंही खूश राहतात.

सकाळचा नाश्ता

मनकुला विनायगर या गणपतीचं दर्शन सकाळीच घ्या आणि तिथून नेहरू स्ट्रीटवरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये जा. 'लाइफ ऑफ पाय' या कादंबरीच्या प्रस्तावनेत उल्लेख आलेलं कॉफी हाउस ते हेच. थाटमाट नाही, पण डोसा, ऑम्लेट, टोस्ट आणि कॉफी असं प्रत्येकाच्या आवडीचं काहीतरी मिळतं. घरात कुणाला मधुमेह असेल तर कॉफी सांगतानाच 'सक्करै वेंडाम' म्हणजे 'साखर नको' असं सांगा, कारण अनेक ठिकाणी कॉफी साखर घालूनच येते.

दुपारचं जेवण

दुपारी 'मील्स' मागवा. भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पापड आणि दही असं साग्रसंगीत ताट येतं. शाकाहारी कुटुंबांसाठी सुरगुरू हे इथलं परिचित नाव आहे. लहान मुलांसाठी दहीभात किंवा तूप घातलेलं पोंगल मागवा. पोंगलमध्ये अख्खी मिरी असते, ती आधीच वेचून बाजूला काढा. 'कारम वेंडाम' म्हणजे 'तिखट नको', हेही पाठ करून ठेवा.

मात्र घड्याळाकडे लक्ष असू द्या. दुपारी तीननंतर अनेक स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात. एकच्या आत जेवायला बसलात तर गर्दीही कमी आणि आजी-आजोबांना दुपारची विश्रांतीही मिळते.

संध्याकाळी समुद्राकाठी

संध्याकाळी गुबेर अव्हेन्यू या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर वाहनांना बंदी असते, त्यामुळे मुलांना मोकळं सोडता येतं. इथलं ल कॅफे अगदी पाण्याला लागून आहे. बाहेरच्या खुर्च्यांवर बसून सरबत आणि सँडविच घ्या. किशोरवयीन मुलांना फ्रेंच पाव आणि पेस्ट्री चाखायची असेल तर बुसी स्ट्रीटवरच्या बेकर स्ट्रीट या बेकरीत न्या. अंडं वर्ज्य असेल तर केक घेण्याआधी विचारा.

व्हाइट टाउनमधल्या जुन्या वाड्यांच्या अंगणात रात्रीचं जेवण घेण्याची मजा वेगळीच, पण ते महाग पडतं. सहलीत असा एकच बेत ठेवा आणि टेबल आधी राखून घ्या. पाँडिचेरीत मद्य सर्रास मिळतं, म्हणून लहान मुलं सोबत असताना पाटीवर 'बार' लिहिलंय का ते बघूनच आत शिरा.

जिंजीला जाणार असाल तर

छत्रपती शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये जिंकलेला जिंजीचा किल्ला इथून साधारण 70 किलोमीटरवर आहे. 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या 11 किल्ल्यांसोबत त्याचाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. चढण मोठी आहे, म्हणून पहाटे निघा. इडल्या, लेमन राइस आणि भरपूर पाणी सोबत बांधून घ्या. गडावर खाण्याच्या भरवशावर राहू नका. माकडं असतात, तेव्हा पिशवी बंद ठेवा.

हे लक्षात ठेवा

● ऑक्टोबर ते डिसेंबर इथे पावसाळा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत हवा सुखद असते.
● रेस्टॉरंटची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी निघण्याआधी फोन करून विचारा.
● पिशवीत केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि ओआरएसची पाकिटं असू द्या.

आणि एक गोष्ट आवर्जून करा. रोज एका वेळचं जेवण कुठे घ्यायचं हे घरातल्या एकेकाला ठरवू द्या. त्यात आईचाही नंबर लावा. एरवी घरात 'आज काय करू?' असं सगळ्यांना तीच विचारत असते. इथे तिला विचारा, 'तुला काय खायचंय?'