मुलगा पकडला, पण घराचे काय?

गोव्याची दारू गाडीतून उतरवताना मालवण किनाऱ्यावरचा एक 15 वर्षांचा मुलगा पकडला गेला. बाल न्याय मंडळासमोर त्याचे काम चालवताना त्याची आई मला म्हणाली, "वकीलसायबानू, झील माझो वायट नाय. घरात बघूक कोण नाय." बाप बोटीवर खलाशी, किनाऱ्याला लागला की दारूत. आई पहाटेच मासळीच्या कामाला. पोराची शाळा सुटून दीड वर्ष झाले होते. तेवढ्या काळात त्या दारात कुणी चौकशीला गेले नाही. पोलीस मात्र एका रात्रीत पोहोचले.

कायदा कमी नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 77 नुसार मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्याला, आणि कलम 78 नुसार मुलाकडून दारू वा अमली पदार्थांची विक्री वा वाहतूक करवून घेणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा जागा होतो तो मूल हातचे गेल्यावर. त्याआधी घराला हात कोण देणार?

हे काम होऊ शकते. अमेरिकेत एल्मायरा येथे 1970 च्या दशकाच्या अखेरीस परिचारिका गरीब गरोदर मातांच्या घरी जाऊ लागल्या आणि मूल 2 वर्षांचे होईपर्यंत जात राहिल्या. ती मुले 15 वर्षांची झाली तेव्हा, सर्वांत बिकट परिस्थितीतल्या मातांच्या मुलांत अटक आणि दारू-सिगारेटचे प्रमाण अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी आढळले. आइसलँडने पालकांना संघटित केले, मुलांना खेळ आणि कला दिल्या. महिन्याभरात दारूची नशा केलेली 15-16 वर्षांची मुले तिथे 1998 मध्ये 42 टक्के होती. 2016 मध्ये 5 टक्के उरली. आपल्या पुण्यातही 1986 मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतले.

आपल्याकडे माणसे आहेत. गावोगाव अंगणवाडी सेविका आहेत, आशाताई आहेत, सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती आहे. ही समिती बहुतेक ठिकाणी कागदावरच बसते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून आई-बापांचे मार्गदर्शन वर्ग, संध्याकाळची अभ्यासिका आणि शाळा सुटलेल्या मुलाच्या घरी जाणारी एक प्रशिक्षित ताई का उभी राहू नये? ग्रामसभेत हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

बांधवांनो, थोडे स्वतःकडेही पाहू. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती मोठ्याने म्हणतो. पण जो घसरला त्याच्या घराकडे पाठ फिरवतो, त्याच्या पोराला 'दारुड्याचा पोर' म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाबाहेर ठेवले गेले, त्यांनी आपल्याच माणसाला दाराबाहेर ठेवावे काय? विहारात दर रविवारी वंदनेनंतर एक तास अशा घरांसाठी ठेवता येईल. त्याला अनुदान लागत नाही.

त्या मुलाला मंडळाने समुपदेशनाच्या अटीवर आईच्या ताब्यात दिले. आदेशाची प्रत घेऊन ती एस.टी.त बसली. माझे काम संपले होते, पण तिचे तर आता सुरू झाले होते. त्यात तिला एकटे सोडायचे की नाही, हे न्यायालय ठरवणार नाही. ते आपल्याला ठरवायचे आहे.