राज्य, सृष्टी आणि सीमेवरील द्रव्ये

आयुर्वेदीय औषधनिर्मिती करणाऱ्या फार्मसीच्या कच्च्या मालाच्या भांडारात आज निरनिराळे विभाग असतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत २००० साली समाविष्ट झालेल्या शेड्यूल टी नुसार धातुजन्य द्रव्ये, खनिजे, प्राणिज द्रव्ये, ओल्या वनौषधी, सुक्या वनौषधी इत्यादींची साठवण वेगवेगळी करणे अपेक्षित आहे. बहुतेक द्रव्ये आपापल्या पाटीखाली निमूटपणे जातात. गैरिक खनिजांत जाते, हरीतकी सुक्या वनौषधींत, मध प्राणिजांत. अडचण येते ती काही मोजक्या द्रव्यांपाशी.

प्रवाळाचेच उदाहरण घेऊ. रसशास्त्राने त्याची गणना रत्नांत केली आहे. बाजारात ते ‘प्रवाळ मूळ’ आणि ‘प्रवाळ शाखा’ या नावांनी मिळते. प्रत्यक्षात तो समुद्रातील सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा आहे. रत्न म्हटले की खनिज आठवते, मूळ आणि शाखा म्हटले की वनस्पती, आणि सांगाडा म्हटला की प्राणी. एकाच द्रव्यावर तीन राज्यांनी हक्क सांगावा, असा हा प्रकार आहे. या राज्यांच्या सीमा कोणी व कशासाठी आखल्या आणि वैद्याने व औषधनिर्मात्याने त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

राज्य म्हणजे काय?

कौटिलीय अर्थशास्त्रात राज्याची सात अंगे सांगितली आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. राजा हे त्यांतील केवळ एक अंग होय. अर्थशास्त्रात आणखी एक अधिकारी येतो, तो म्हणजे अंतपाल, अर्थात सीमेचा रक्षक. सीमेवरून येणाऱ्या सार्थवाहांकडून मार्गकर घेणे, त्यांच्या मालातील उत्तम कोणता व हलका कोणता हे पारखणे आणि मालावर ओळखीची मुद्रा उमटवून तो पुढील अधिकाऱ्याकडे पाठविणे, ही त्याची कामे होत. राज्याच्या मध्यभागी माल कोणाचा हा प्रश्न सहसा पडत नाही. तो सीमेवर पडतो. म्हणूनच शास्त्रकाराने पारख करणारा मनुष्य सीमेवर उभा केला आहे. हा अंतपाल वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याची गरज पुढे लागणार आहे.

निसर्गातील राज्ये

निसर्गाची राज्यांत विभागणी करण्याची पद्धत युरोपात रूढ केली ती स्वीडनच्या कार्ल लिनियसने. १७३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिस्टेमा नॅच्युरी’ या ग्रंथात त्याने पाषाण, वनस्पती आणि प्राणी अशी तीन राज्ये मांडली. त्यासाठी त्याने वापरलेला ‘रेग्नम’ हा लॅटिन शब्द राजाच्या राज्याचाच वाचक आहे. लिनियस स्वतः वैद्य होता आणि पुढे उप्साला विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक झाला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र या शब्दासाठी ‘राज्य’ न घेता ‘सृष्टी’ हा शब्द स्वीकारला. वनस्पतिसृष्टी, प्राणिसृष्टी हे शब्द आपल्या कानाला इतके सरावले आहेत, की त्यांच्या मागे एक राजकीय रूपक दडलेले आहे याची जाणीवही होत नाही.

इतिहासातील राज्यांप्रमाणे ही राज्येही स्थिर राहिली नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली असे जीव दिसू लागले की त्यांना वनस्पती म्हणावे की प्राणी, हे ठरेना. त्यांच्यासाठी १८६६ साली जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलने ‘प्रोटिस्टा’ ही वेगळी सृष्टी सुचविली. १९३८ साली कोपलँडने चार सृष्टींची मांडणी केली. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकरने मोनेरा, प्रोटिस्टा, कवक, वनस्पती आणि प्राणी अशा पाच सृष्टी मांडल्या. शाळेत आपण शिकलेली पंचसृष्टी पद्धती ती हीच. पुढे १९९० साली कार्ल वूज व त्याच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून सर्व सजीवांचे तीन महाविभाग केले आणि सृष्टी ही पातळी त्यांच्या खाली गेली. लिनियसचे पाषाणराज्य तर सजीवांच्या वर्गीकरणातून केव्हाच बाहेर पडले होते.

या बदलांत वैद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो कवकांचा. शतकानुशतके बुरशी व भूछत्रे वनस्पतींत गणली गेली. पुढे त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन हे द्रव्य असल्याचे आणि आनुवंशिक नात्याने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची असल्याचे दिसून आले. बुरशीनाशक औषधांनी रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना अपाय होण्याची भीती जीवाणुनाशक औषधांच्या मानाने अधिक असते, त्याचे एक कारण या जवळिकीत आहे. सीमा कोठे आखली यावर केवळ पुस्तकातील कोष्टक अवलंबून नसते, हे यावरून दिसते.

संहितांतील विभागणी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात द्रव्यांचे जांगम, औद्भिद आणि पार्थिव असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी औद्भिदांचे पुन्हा वनस्पती, वानस्पत्य, वीरुध आणि औषधी असे चार भेद केले आहेत. वरवर पाहता लिनियसची तीन राज्ये आणि चरकांचे तीन प्रकार एकच वाटतात, आणि तसे लिहिण्याचा मोहही होतो. परंतु दोहोंचा हेतू भिन्न आहे. लिनियसला निसर्गातील प्रत्येक वस्तूस नाव व स्थान द्यावयाचे होते. चरकांना औषध कोठून मिळवावे हे सांगावयाचे होते. म्हणून जांगम द्रव्यांच्या यादीत प्राण्यांची नावे येत नाहीत. मध, दूध, पित्त, वसा, मज्जा, मूत्र, चर्म, अस्थी, शृंग, नख अशी उपयोगी अंगे व पदार्थ येतात. द्रव्याचे कार्य पुढे रस, गुण, वीर्य, विपाक यांवरून ठरते. उगम हा केवळ त्याचा पत्ता असतो.

सुश्रुतांनी सूत्रस्थानात मोत्याची गणना सुवर्ण, रजत व मण्यांसह पार्थिव द्रव्यांत केली आहे. आजच्या ज्ञानानुसार मोती हे शिंपल्यातील प्राण्याचे निर्माण होय. यास सुश्रुतांची चूक म्हणण्याचे कारण नाही. मोत्याचे काठिण्य, त्याचे शोधन आणि त्याचा वापर ही सर्व पार्थिव द्रव्यांना जवळची असल्याने ते त्या वर्गात बसले. उलट, त्याच स्थानातील शाकवर्गात भूछत्रांचा विचार ती कशावर उगवली यानुसार केला आहे: पेंढ्यावर, उसावर, शेणावर, वेळूवर की जमिनीवर. कवक ज्यावर वाढते त्यातूनच अन्न घेते, हे आज आपण जाणतो. तेव्हा आधारावरून गुण ठरविण्यात चांगले निरीक्षण आहे. मात्र प्राचीनांना कवकसृष्टी ठाऊक होती असा दावा यावरून करणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांना त्या सीमेची गरज नव्हती. आपल्याला आहे.

सीमेवरील काही द्रव्ये

लाक्षा: भावप्रकाशात हिचे वर्णन हरीतक्यादि वर्गात, म्हणजे वनस्पतींच्या सहवासात येते. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर ती मिळते. परंतु स्रवते ती लाखेच्या किड्यांकडून. तिच्या ‘वृक्षामय’ या पर्यायनामात, म्हणजे झाडाचा रोग या शब्दात, दोन सृष्टींचा संबंध नेमका टिपला आहे.

काकडशिंगी आणि मायफळ: पहिल्याच्या नावात शिंग आहे, दुसऱ्याच्या नावात फळ, वस्तुतः दोन्हीही नाहीत. काकडशिंगी ही मावा जातीच्या कीटकांमुळे झाडावर निर्माण झालेली पोकळ गाठ होय. मायफळ ही ओकच्या एका जातीवर गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील सूक्ष्म कीटकामुळे येणारी गाठ होय. ऊती वनस्पतीची, कारण कीटक.

शैलेय: मसाल्यातील आपले दगडफूल. ते दगडही नाही आणि फूलही नाही. १८६७ साली स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनरने असे प्रतिपादन केले की दगडफूल हा एक जीव नसून कवक आणि शैवाल यांचे सहजीवन आहे. त्या काळी हे मत अनेकांना रुचले नाही. आज ते सर्वमान्य आहे. दगडफुलास मुळे नसतात. ते हवेतून व पावसातून पोषण घेते आणि त्याबरोबर हवेतील जड धातूही साठवते. रहदारीच्या रस्त्यालगतचे दगडफूल औषधासाठी घेऊ नये, याचे कारण त्याच्या या विशिष्ट घडणीत आहे.

वंशलोचन: मिळते वेळूच्या पोकळीत, पण असते मुख्यतः सिलिका. वनस्पतीच्या पोटी जन्मलेले हे खनिज होय.

प्रवाळ: याच्या पर्यायनामांत ‘विद्रुम’ आहे आणि ‘लतामणि’ही आहे. लता आणि मणी हे दोन शब्द जोडूनही तिसरी सृष्टी बाहेरच राहिली. प्रवाळ हा प्राणी आहे हे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्सेयच्या जाँ आंद्रे पेसोनेल या वैद्याने सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ते मानले नाही. त्यांच्या दृष्टीने प्रवाळावर दिसणारी ‘फुले’ ही फुलेच होती. पुढे १७४० नंतर ट्रेम्ब्लेने गोड्या पाण्यातील हायड्राचे प्राणित्व दाखवून दिले आणि मग पेसोनेलचे म्हणणे स्वीकारले गेले.

निळ्या कोल्ह्याची साक्ष

कथावाङ्मयातील राज्यांपैकी पंचतंत्रातील वनराज्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात निळीच्या पिंपात पडलेल्या कोल्ह्याची गोष्ट येते. अंगाचा रंग पाहून सिंह-वाघही त्यास राजा मानू लागतात. परंतु दूरवरून कोल्हेकुई ऐकताच त्यास राहवत नाही, तोही आवाज काढतो आणि त्याचे राज्य तेथेच संपते. रंगाने राज्य मिळाले, पण जात आवाजाने उघड झाली.

औषधी बाजारात असे निळे कोल्हे पुष्कळ असतात. प्रश्न हा की त्यांना ओरडावयास कसे लावावे? वंशलोचनाच्या बाबतीत ते सोपे आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सिलिका विरघळत नाही व फेसही येत नाही. फेस आला तर त्यात खडूसारखे कार्बोनेट मिसळले आहे, हे कळते. प्रवाळाच्या बाबतीत मात्र हीच परीक्षा फसवी ठरते. प्रवाळ, मोती, शिंपला, शंख, कवडी आणि साधा खडू या सर्वांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आम्लात सर्वांनाच फेस येतो. चूर्ण झाल्यावर हे सारे कोल्हे एकाच आवाजात ओरडतात. म्हणून यांची ओळख अखंड स्थितीतच, रंग, घडण, रेषा व छेद पाहून पटविली पाहिजे. तयार चूर्ण विकत घेऊन त्याची पिष्टी करणारा निर्माता आपल्या हातातील परीक्षेचे साधन आधीच गमावून बसतो.

भांडाराचा अंतपाल

या विवेचनाचा व्यवहारात काय उपयोग? द्रव्याची सृष्टी बदलली तर त्याला लागू होणारा कायदा, त्याची साठवण आणि त्याची परीक्षा ही तिन्ही बदलतात.

कायद्याचे पाहू. प्रवाळ हे रत्न आहे अशा समजुतीने कोणी आपल्या किनाऱ्यावरील खडक-प्रवाळाचे तुकडे स्वस्त ‘प्रवाळ मूळ’ म्हणून खरेदी केले, तर तो गंभीर अपराध ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून खडक-प्रवाळांचा समावेश आहे. ग्रंथोक्त लाल प्रवाळासाठी ग्राह्य मानली जाणारी कोरॅलियम रुब्रम ही जाती भूमध्य समुद्रातील आहे. देयकावर केवळ ‘प्रवाळ’ एवढाच शब्द असेल, तर माल कोणता हे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर येतो. कायद्याच्या दृष्टीने प्रवाळ प्राणी आहे. रसग्रंथाने त्यास रत्न म्हटले आहे हा बचाव होऊ शकत नाही.

साठवणीचे पाहू. सुक्या वनौषधींवर आलेली बुरशी झटकून, उन्हात घालून माल वापरण्याची सवय अद्याप पूर्णतः गेलेली नाही. हा वरवरचा मळ नव्हे. त्या वनौषधीत दुसऱ्या सृष्टीचा शिरकाव झालेला असतो. काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतास घातक असून ते उन्हाने किंवा साध्या उकळण्याने नाहीसे होत नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या लगतच्या जिल्ह्यांत बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच विषाने. यकृतविकारावर देण्याच्या काढ्यातूनच यकृताचा शत्रू रुग्णाच्या पोटात जावा, याहून मोठी विटंबना ती कोणती?

यास्तव प्रत्येक फार्मसीने सीमेवरील द्रव्यांची एक वेगळी नोंदवही ठेवावी, अशी सूचना करावीशी वाटते. तीत प्रत्येक द्रव्यापुढे चार गोष्टी असाव्यात: ग्रंथोक्त नाव व वर्ग, ज्या जीवापासून वा खनिजापासून ते मिळते त्याचे शास्त्रीय नाव, अखंड स्थितीत कोणी, केव्हा ओळख पटविली याची नोंद, आणि कायद्यातील त्याचे स्थान. भांडारात पाटी कोणतीही असो, ही नोंद पूर्ण झाल्याशिवाय माल खलाकडे जाऊ नये. वीस-पंचवीस द्रव्यांपलीकडे ही वही जाणार नाही. अंतपालाची मुद्रा ती हीच. चिकित्सकांनीही औषध खरेदी करताना निर्मात्यास ही नोंद विचारावी. विचारणारा असला म्हणजे ठेवणाराही सावध राहतो.

राज्ये माणसांनी आखली, निसर्गातील आणि इतिहासातीलही. ज्ञान वाढले तशा त्यांच्या सीमा सरकल्या आणि पुढेही सरकतील. द्रव्याच्या गुणकर्मांचा विचार चरक-सुश्रुतांच्या दृष्टीने करावा. त्याची ओळख मात्र आजच्या ज्ञानाने पटवावी. दोहोंत विरोध नाही. ग्रंथकारांनी द्रव्य ओळखून घेण्याची जबाबदारी वैद्यावर टाकली आहे. त्यांच्या काळी ती रानात पार पडत असे. आता ती भांडाराच्या दारात पार पाडावयाची आहे.