एकच क्रूस, दोन रीती

समजा, धामणगाव बढ्याच्या एखाद्या शाळेत नाताळानिमित्त गुरुजींनी फळ्यावर क्रूस काढला. एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, यावर येशू कुठं आहे?" दुसरा म्हणाला, "आमच्याकडं नुसताच क्रूस असतो." पहिला लगेच म्हणाला, "मग तुमचा क्रूस खोटा!" दुसऱ्याचे तोंड एवढेसे झाले. आता गुरुजींनी काय सांगावे?

मुळात क्रूस हे काही शोभेचे चिन्ह नव्हते. रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना हालहाल करून मारण्याचे ते साधन. म्हणून मराठी बायबलात त्याला 'वधस्तंभ' म्हटले आहे. 'क्रूस' हा शब्द पोर्तुगीजांच्या बोलीतून आपल्याकडे आला. येशूला त्या खांबावर मृत्यू आला, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, ही श्रद्धा दोन्ही पंथांची एकच. फरक आहे तो ती डोळ्यांपुढे कशी ठेवायची, यात.

कॅथलिक पंथ वसईच्या बाजूला रुजला तो पोर्तुगीज अमलात, म्हणजे 1534 ते 1739 या काळात. कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळ येशूच्या देहासह क्रूस असतो. भाविक उजव्या हाताने कपाळ, छाती, डावा खांदा व उजवा खांदा यांना स्पर्श करून क्रूसाची खूण करतात. उपवासकाळात चौदा टप्प्यांची 'क्रूसाची वाट' चालतात, आणि गुड फ्रायडेला क्रूसाचे चुंबन घेतात. वसईचेच संत गोन्सालो गार्सिया यांना 1597 साली जपानात नागासाकी येथे क्रूसावरच मरण आले. तेव्हा तिकडच्या लोकांना क्रूस ही काही दूरची गोष्ट नाही.

मग ते लाकडाची पूजा करतात काय? नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 साली स्पष्ट सांगितले, की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत थांबत नाही, ज्याची ती प्रतिमा त्याला पोचतो. घरात वडिलांच्या तसबिरीला आपण हार घालतो, तो कागदाला का घालतो?

प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात 1517 साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरपासून झाली. ल्यूथरच्या अनुयायांनी देहासह क्रूस पुष्कळ ठिकाणी ठेवला. परंतु कॅल्विनच्या वाटेने गेलेल्यांनी 'कोरीव मूर्ती करू नको' ही आज्ञा कडक पाळली. मूर्ती, चित्रे, कित्येकदा क्रूससुद्धा चर्चबाहेर काढला. 1813 साली मुंबईत आणि 1831 साली अहमदनगरात काम सुरू करणारे अमेरिकन मिशनरी याच वळणाचे. वऱ्हाडातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतूनच प्रॉटेस्टंट मिशनरी आले. अशा चर्चमध्ये मुख्य मान बायबलाच्या वाचनाला, उपदेशाला व गायनाला. पुढे क्रूस परत आला, पण साधा. गुड फ्रायडेला तेथे येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. कॅथलिक जे डोळ्यांनी पाहतात, ते हे कानांनी ऐकतात, एवढेच म्हणा ना.

रिकामा क्रूस म्हणजे उठलेला येशू, असा अर्थ प्रॉटेस्टंट मंडळी आज सांगतात. अर्थ सुंदर आहे. मात्र मूळ कारण मूर्तीविषयीच्या आज्ञेत आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक खबरदारी. रिकामा क्रूस दिसला की तो प्रॉटेस्टंटांचा, असे ठोकून देऊ नये. वसईच्या वाटांवर, मुंबईतील वांद्र्याच्या गल्ल्यांत दगडी क्रूस आहेत; पुष्कळांवर देह नाही, तरी ते कॅथलिकांचेच. 1896 च्या प्लेगमध्ये रोगापासून रक्षण व्हावे म्हणून मुंबईत लोकांनी असे कितीतरी क्रूस उभारले. पुढे 1970 साली नागपुरात सहा पंथ एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. हे प्रॉटेस्टंट परंपरेचे, पण त्यातही क्रूसाचा वापर सर्वत्र सारखा नाही.

तेव्हा गुरुजींनी त्या दोघा मुलांना जवळ घ्यावे आणि सांगावे, "बाळांनो, एकाच्या घरी मरणाची आठवण समोर ठेवतात, दुसऱ्याच्या घरी उठल्याची. पण मरणाशिवाय उठणे नाही, आणि उठल्याशिवाय त्या मरणाला तुमच्या धर्मात अर्थ नाही. मग खोटा क्रूस कोणाचा?" मुले गप्प बसतील. आणि खाली मान घातलेला तो पोरगा पुन्हा वर पाहील.