जुन्या ब्रिटिश शर्यती सायकलीचे साल कसे ताडावे?

जुनी ब्रिटिश शर्यतीची सायकल विकायला निघते तेव्हा फ्रेमवरील नाव आणि विक्रेत्याने सांगितलेले साल यांवर तिची किंमत ठरते. प्रत्यक्षात सर्वांत कमी भरवशाचा भाग म्हणजे तो रंग आणि त्यावरील नाव. फ्रेम पुन्हा रंगवता येते आणि नव्या रंगावर हवे ते नाव चिकटवता येते. म्हणून पुरावा धातूत शोधावा.

प्रथम सायकल उलटी करावी. पेडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या तळाशी बहुधा क्रमांक ठोकलेला असतो. काहींनी तो मागच्या चाकाच्या खाचेजवळ ठोकला. प्रत्येक कारखान्याची क्रमांक देण्याची रीत निराळी होती. रॅलेच्या इल्केस्टन येथील खास विभागात 1974 पासून घडलेल्या फ्रेमवर 'एसबी' ही अक्षरे आढळतात. निर्माता ठाऊक नसेल, तर नुसत्या आकड्यावरून साल सांगणे ही निव्वळ अटकळ होय.

'रेनॉल्ड्स 531' या नळ्या बर्मिंगहॅममध्ये 1935 साली आल्या. त्यांची चिठ्ठी खरी असली तरी फ्रेम त्यापूर्वीची नाही, एवढेच सिद्ध होते. चिठ्ठीपेक्षा सीटची दांडी बोलकी. बाहेरून नळी सारखीच 28.6 मिलिमीटर जाड. पण भिंत पातळ असेल तर आत 27.2 मिलिमीटरची दांडी बसते, साध्या जाड भिंतीच्या नळीत साधारण 26.4 ची. पहिले माप उंची फ्रेमचे लक्षण.

मागच्या खाचांमधील अंतरही मोजावे. पाच गिअरच्या काळात ते 120 मिलिमीटर असे, पुढे सहा-सात गिअरसाठी 126 झाले. अर्थात, पोलाद ताणून हे अंतर वाढवता येते आणि अनेकांनी ते वाढवलेही. स्टर्मी-आर्चरच्या हबवर साल कोरलेले असते. पण ते हबचे वय, फ्रेमचे नव्हे.

नावातही मेख असते. क्लॉड बटलर यांचा लंडनमधील व्यवसाय 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात बुडाला आणि नाव होल्ड्सवर्थकडे गेले. त्यामुळे 1950 ची आणि 1965 ची 'क्लॉड बटलर' एकाच घराण्याची नव्हे. किमतीतही फरक पडतो.

एका खुणेवरून साल ठरवू नये. तीन-चार खुणा जुळल्या तर पाचेक वर्षांचा पट्टा सांगावा. आणि गंजलेली फ्रेम घासायला देण्यापूर्वी क्रमांक, चिठ्ठ्या व मूळ रंगाची छायाचित्रे अवश्य काढून ठेवावीत.